अंदमान : यात्रा आणि अरण्य

मराठीत ‘बेट’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. पाण्याने वेढलेली भूमी हा एक. वेळूची दाट जाळी हा दुसरा. आम्हा गोदाकाठच्या मंडळींना त्यात तिसरी छटाही जाणवते. वैजापूर तालुक्याच्या सीमेवरील सराला बेट घ्या किंवा कोपरगावचे बेट. बेट म्हणजे देवाचे वा संताचे ठाणे, दर्शनाला जाण्याची जागा. अंदमानकडे पाहण्याची मराठी माणसाची दृष्टी या तिसऱ्या छटेतून घडली आहे, असे आमचे मत आहे.

त्याला कारणही तसेच आहे. १९०६ साली पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये सावरकर १९११ ते १९२१ या काळात बंदी होते. १९२७ साली ‘माझी जन्मठेप’ पुस्तकरूपाने आले आणि अंदमान मराठी वाचकाच्या मनात कायमचे वसले. त्या कोठडीसमोर ज्याचा कंठ दाटत नाही असा मराठी वाचक विरळाच. तो दाटू नये असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. आमची तक्रार आहे ती सहलीच्या उरलेल्या चार-पाच दिवसांबद्दल, आणि त्या दिवसांवर लिहिल्या जाणाऱ्या प्रवासवर्णनांबद्दल.

या लेखनात पाणी नेहमी निळेशार असते, वाळू शुभ्र असते, वनराई घनदाट असते आणि निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केलेली असते. विशेषणे काढून घेतली तर हाती काय उरते? पडौक किंवा गर्जन या तिथल्या वृक्षांची नावे येत नाहीत. वास्तविक तुरुंगाची कथा या रानावाचून सांगताच येत नाही. १८५८ साली बंदिवानांची वसाहत सुरू झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला पहिले काम आले ते जंगलतोडीचे. कारागृहाच्या भिंती फार नंतरच्या; आधीची भिंत समुद्राची आणि अरण्याची होती.

रॉस बेटाचे (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील माणसाळलेली चितळे जवळपास प्रत्येक वर्णनात ‘निरागस वनजीवन’ म्हणून येतात. ही चितळे मूळची अंदमानची नव्हेत; इंग्रजांनी ती मुख्य भूमीवरून आणून सोडली. त्यांची शिकार करणारा मोठा श्वापद तेथे नाही. त्यामुळे ती इतर बेटांवरही पसरली आणि कोवळी रोपे खाऊन जंगलाच्या नव्या उगवणीलाच बाधा आणू लागली. ज्याला आपण निसर्ग म्हणून कौतुकाने खाऊ घालतो, तो साम्राज्याचाच अवशेष आहे, कोठडीइतकाच! उलट जो खरा बेटकरी, तो नारकोंडम धनेश, सात चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या एका बेटावर राहतो आणि जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. पर्यटक तेथे पोचत नाहीत, हे बरेच आहे. परंतु लेखकाला तरी तो असल्याचे ठाऊक असावे की नाही?

याहून गंभीर बाब क्रियापदाची आहे. बाराटांगच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. हा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. तरीही गाड्यांचे ताफे जात राहिले आणि २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचावयास लावल्याच्या चित्रफितीने जगभर खळबळ उडाली. आपल्याकडील वर्णनांत मात्र ‘जारवा दिसले’ असे वाक्य सहज येऊन जाते, जसे ताडोबाच्या वर्णनात ‘वाघ दिसला’ येते. साहित्याच्या अध्यापकांनी अडखळावे ते येथे. या वाक्यात माणूस आणि वन्यप्राणी एकाच रांगेत बसतात, आणि पाहणारा तेवढा गाडीत सुरक्षित असतो.

मराठी भाषा या कामी अपुरी आहे, असे कोणी म्हणू नये. दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि जून २०२५ मध्ये आपल्यातून गेलेल्या मारुती चितमपल्लींचे सारे लेखन समोर आहे. हे लेखन प्रामुख्याने भूमीवरच्या ऋतूंचे, रानांचे आणि तळ्यांचे. समुद्राने वेढलेले वर्षावन त्यात फारसे नाही, इतकेच. तसा समुद्रही आपल्याला परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिले पाण्याकडे जाताना पाहण्यासाठी मराठी कुटुंबे पहाटे उठून रांगेत शांतपणे उभी राहतात.

म्हणूनच ग्रेट निकोबारविषयी मराठी प्रवासलेखनाचे मौन आम्हांस खटकते. तेथील गॅलेथिया उपसागराच्या वाळूत लेदरबॅक हे सर्वांत मोठे समुद्री कासव अंडी घालते. वाळू आणि पालापाचोळा यांचा ढीग रचून त्याच्या उबेवर अंडी उबवणारा निकोबारी मेगापोड पक्षी त्याच किनाऱ्यावरचा. जानेवारी २०२१ मध्ये या उपसागराचा अभयारण्य दर्जा काढून घेण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदर, विमानतळ, नगर आणि वीजकेंद्र अशा प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती व्हावयाची आहे. शोंपेन लोकांची वस्ती याच बेटावर आहे. बंदराची गरज कोणी मांडो, कोणी नाकारो. त्या वादात पडण्यापूर्वी जे जाणार आहे त्याची नावे तरी आपल्या भाषेत यावयास हवीत.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही यंदा एक साधा स्वाध्याय देणार आहोत. अंदमानवरील कोणताही मराठी लेख घ्यावा, त्यातील विशेषणे खोडावीत आणि उरलेल्या झाडांची, पक्ष्यांची, जलचरांची नावे मोजावीत. ज्यांना नावे सापडतील त्यांनी ती आम्हांस अवश्य कळवावीत.