अग्रशाळा की 'वेलनेस'-निवास?

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार राज्याच्या पुरातत्त्व खात्याने केला आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते भाविकांना पुन्हा खुले झाले. त्या कामाविषयी आमची तक्रार नाही. देवळाचा शिवकालीन घाट राखला गेला, ही आजच्या दिवसांत लहान गोष्ट नव्हे. तक्रार आहे ती अशा जीर्णोद्धारापाठोपाठ येणाऱ्या बोलीविषयी. 'समुद्रकिनाऱ्यापलीकडचा गोवा' या घोषणेखाली पर्यटन खात्याने अकरा देवस्थाने 'एकादश तीर्थ' म्हणून एका माळेत ओवली. आता त्याच माळेत योग, अभ्यंग आणि 'वेलनेस' यांचे मणी घालण्याची भाषा ऐकू येते. देव, वारसा व देहस्वास्थ्य या तिहींची एकच थैली करावयाची आणि तिचे दर ठरवावयाचे, असा हा विचार आहे.

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. त्याच्या वरप्रसादाचे बिरुद त्यांनी आपल्या सोन्याच्या नाण्यांवर कोरले. दिवाडी बेटावरील मूळ देवळाचा बहामनी काळात विध्वंस झाला, चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. भाविकांनी लिंग नदीपार आणले. नव्या जागेलाही त्यांनी नार्वे हेच नाव दिले, म्हणून आजही एक नार्वे फेरीच्या या तीरावर आहे, एक त्या तीरावर. नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे देऊळ बांधण्याची आज्ञा केली. तिचा शिलालेख दारावर आहे. ज्या देवाला लोकांनी जिवावर उदार होऊन नदी ओलांडून नेले, त्याच्या अंगणात कोणी 'मनःशांतीचा अनुभव' विकावयास निघाला, तर ते लोक काय म्हणतील?

यात्रेकरूने येऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. उलट गोव्याच्या देवस्थानाइतकी यात्रेकरूची व्यवस्था जाणणारी संस्था विरळा. आमच्या अग्रशाळा कशासाठी होत्या? दूरच्या गावाहून कुळावी येई, नवस फेडी, दोन रात्री राही, प्रसादाचे जेवी, उठून जाई. खोली त्याला देवाच्या नात्याने मिळे. देहस्वास्थ्याचीही सोय होतीच: गोकुळाष्टमीला दिवाडीच्या नार्व्यात पंचगंगेचे स्नान, एकादशीचा उपास, तळीच्या पायऱ्या, देवराईची सावली. त्या सर्वांना तिथी होती, नियम होता, आणि तिकीट नव्हते. उपास हा नेम म्हणून पाळला तर व्रत. तोच पाच दिवसांच्या दरपत्रकात घातला की उपचार होतो. दोन्हींनी शरीर हलके होत असेल. पण पहिल्यात माणूस देवाचे काही देणे लागतो आणि दुसऱ्यात देवाचे गाव गिऱ्हाइकाचे काही देणे लागते. माझा वकिली पेशा मला एवढेच शिकवतो की, देणेकरी कोण हे बदलले म्हणजे सर्व व्यवहार बदलतो.

कायद्याने हा भेद ओळखलेला आहे. १९५८ च्या केंद्रीय पुरातन स्मारक कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार, शासन सांभाळीत असलेले उपासनास्थळ त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी वापरता येत नाही. नार्व्याचे देऊळ राज्याच्या संरक्षणाखाली आहे, केंद्राच्या नव्हे. तथापि तत्त्व एकच असावयास हवे. अडचण अशी की हे संरक्षण देवळाच्या आवाराशी थांबते. भोवतीचा डोंगर, शेत, पाण्याचा झरा यांचे भवितव्य नगरनियोजनाच्या दप्तरात ठरते. तेथे काय घडते? २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले. आराखड्यातील 'अनवधानाने झालेली चूक' सुधारण्यासाठी ते आहे म्हणे, आणि त्या आधारे जमिनीचा विभाग बदलत गेला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाची व्याप्ती आखडली व त्याखालील नियम रद्द केले. देवराईची जागा हॉटेलच्या नावे करावयास 'चूक सुधारणे' हा शब्द मिळतो, याहून मोठी चूक कोणती?

परंतु केवळ सरकारवर दोष ढकलून आम्ही महाजनांनी हात झटकावेत, हे बरे नव्हे. शंभर वर्षांचे लाकडी चौक पाडून काँक्रीट ओतणारे, अग्रशाळेच्या खोल्यांना वातानुकूलन यंत्रे लावून लग्नाच्या वऱ्हाडांना भाड्याने देणारे कोण? तेच आपण. नंतर तक्रार करावयास आपणच पुढे. गावच्या पोरांना रोजगार मिळेल, असा प्रतिवाद ऐकू येतो. तो खोटा नाही. म्हणूनच विचारतो की खोल्यांचा मालक कोण असेल, आणि झऱ्याचे पाणी आधी कोणाच्या घागरीत पडेल? पर्यटकाच्या स्नानकुंडात पडणार असेल तर रोजगार म्हणजे पाणी भरण्याची चाकरी.

१९३३ च्या माझानीच्या कायद्याने देवस्थानचे हिशोब व अर्थसंकल्प महाजनांच्या सभेपुढे येतात आणि मामलेदार हा प्रशासक असतो. येत्या सभेत प्रत्येक देवस्थानच्या महाजनांनी तीन ठराव मांडावेत. तळी, देवराई आणि झरा यांचे क्षेत्र सर्वेक्षणाने नोंदवून घ्यावे. या क्षेत्राचा विभाग बदलण्याचा अर्ज कोणीही केला, तर हरकत नोंदविण्याचा अधिकार समितीला आताच द्यावा. आणि अग्रशाळेची खोली दर्शनास आलेल्या माणसाला आधी, इतरांना त्यानंतर, असा नियम दारावर लावावा.