दोष शोधणे हाही प्रयोगच!

प्रयोगाच्या तासाला मंडल जोडले आणि अमीटरचा काटा हललाच नाही, तर तुम्ही काय करता? बहुतेक जण सरांना हाक मारतात. सर उपकरण बदलून देतात आणि प्रयोग पुढे चालू होतो. माझ्या मते त्या तासातील सर्वांत चांगला प्रयोग अशा वेळी आपण हातचा घालवतो. दोष शोधणे हे केवळ मेस्त्रीचे काम आहे, हा समज चुकीचा आहे. एका मोटारीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

१९९४ साली ब्रिटनमध्ये रेंज रोव्हर या गाडीची दुसरी आवृत्ती निघाली. इंजिनाची शक्ती चारही चाकांना देणारी ही गाडी. तिच्या प्रत्येक चाकाशी पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेला जाड रबरी फुगा असतो. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवतो आणि तेथून ती झडपांवाटे फुग्यांत जाते. चारही कोपऱ्यांची उंची मोजणारे संवेदक एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला माहिती पुरवतात. नियंत्रक हवा भरून किंवा सोडून गाडी समपातळीत ठेवतो.

ही गाडी जुनी झाली, की एक तक्रार हमखास येते. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी खाली बसलेली असते! ती उचलताना कॉम्प्रेसर बराच वेळ चालतो, तापतो आणि शेवटी बंद पडतो. उतावळा मालक नवा कॉम्प्रेसर बसवतो. काही दिवसांनी तोही तापू लागतो. कारण रबराच्या घडीवरील तडा किंवा झडपेची झिजलेली रबरी कडी तशीच राहिलेली असते. गळती भरून काढता काढताच पहिला कॉम्प्रेसर निकामी झाला होता. लक्षणालाच कारण समजल्याची ही किंमत!

विचारी माणूस आधी मोजपट्टी घेतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर तो चारही ठिकाणी रात्री मोजतो आणि सकाळी पुन्हा मोजतो. समजा, चारही कोपरे सारखेच खाली आले. मग चारही फुगे फुटके म्हणायचे का? थांबा! गाडी बंद असतानाही नियंत्रक दर काही तासांनी जागा होतो आणि जो कोपरा सर्वांत खाली असेल, त्याच्या पातळीला इतर तिघांना आणतो. म्हणजे एकाचा दोष चौघांत वाटला जातो. म्हणून नियंत्रकाला जागे करणारा रिले रात्रीपुरता काढून ठेवायचा आणि मापे पुन्हा घ्यायची. आता गळका कोपरा एकटाच खाली येतो.

यातही एक खाचखळगा आहे. संध्याकाळी ३५ अंश सेल्सिअस असलेली हवा पहाटे १५ अंशांवर आली, तर निरपेक्ष तापमान ३०८ वरून २८८ होते. गाडीचे वजन तेच, म्हणून दाबही जवळजवळ तोच. मात्र आकारमान सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. तेव्हा चारही कोपरे थोडेसे बसले, तर ती गळती नसून चार्ल्सचा नियम असू शकतो!

संशयित कोपरा कळला, की साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. सायकलची ट्यूब घमेल्यातील पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, तीच ही युक्ती. मात्र केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम आधार लावल्यावाचून हे काम करणे जिवावर बेतू शकते.

येथे काय काय घडले पाहा: मोजमाप, तर्क, एका वेळी एकच बदल आणि पुन्हा मोजमाप. विज्ञानाची रीत याहून वेगळी ती काय?

अभ्यासक्रम पुरा करायलाच वेळ पुरत नाही, असे शिक्षकबंधू म्हणतील. ही अडचण मीही रोज अनुभवतो. तरीही सत्रातून एक तास काढावा. मंडलातील एक तार आतून तुटलेली द्यावी. विद्यार्थ्यांनी प्रत्येक चाचणीआधी आपला अंदाज वहीत लिहावा आणि बाद झालेल्या प्रत्येक शक्यतेला गुण मिळावेत. काटा हलला नाही, तरी त्या दिवशी तास वाया जाणार नाही.