पापड लाटायला चौघी, उसळ करायला एकटी

एप्रिल लागला की वाड्यातली किंवा चाळीतली एखादी बाई ‘उद्या माझे पापड आहेत’ एवढंच शेजारी सांगून जायची. पुढचं बोलायची गरज नसे. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकून शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून कुटलं जाई, लाट्या पडत, त्यातल्या बऱ्याचशा पोरं पळवत. संध्याकाळपर्यंत सगळे पापड जुन्या धोतरांवर पसरलेले असत. परवा दुसरीचे पापड. मग तिसरीच्या कुरडया, म्हणजे तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक भल्या पहाटे शिजवायचा आणि उन्हं चढायच्या आत सोऱ्याने पाडून मोकळं व्हायचं. कोण कोणाकडे किती वेळ राबलं, हे कोणी वहीत लिहीत नसे. विसरतही नसे.

मग घरोघरी फ्रीज आला. उन्हाचं काम यंत्राकडे गेलं आणि शेजारणीचं काम कोणाकडेच गेलं नाही. डिसेंबरात सोललेले मटार, खवलेला नारळ, मे महिन्यातला आमरस हे सगळं आजही साठवलं जातं, पण ज्याच्या-त्याच्या दाराआड, टीव्हीसमोर बसून एकटीने सोलून.

म्हणूनच काही मैत्रिणी महिन्यातला एखादा रविवार ठरवून एकत्र स्वयंपाक करतात आणि फ्रीजर भरतात, तेव्हा ती परदेशी टूम वाटण्याचं कारण नाही. अमेरिकेत मोठाल्या फ्रीजरमुळे ही पद्धत रुळली हे खरं. पण मूळ कल्पना आपल्या गच्चीवरचीच आहे, आणि ती परत यायला हवी.

हिशेब सोपा आहे. चार घरं, चार पदार्थ. एकीने राजमा, दुसरीने मटारची उसळ, तिसरीने कोथिंबीर वड्यांचे उंडे उकडून, चौथीने कांदा-खोबऱ्याचं वाटण. प्रत्येकीने आपला एकच पदार्थ चौपट करायचा आणि घरी जाताना चारही न्यायचे. पाव किलो राजमा शिजवायला कुकर जेवढा वेळ घेतो, त्याच्या चौपट वेळ एक किलोला लागत नाही. मिक्सर एकदाच धुवायचा. कांद्याने डोळ्यांत पाणी येणार ते एकाच दिवशी, आणि तेही गप्पांच्या ओघात.

आता थोडं शास्त्र, कारण उत्साहाच्या भरात इथेच घोळ होतो. अमेरिकेतल्या क्लॅरन्स बर्ड्सआय यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लॅब्रॅडॉरमध्ये पाहिलं की तिथले इन्युइट लोक पकडलेला मासा कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठवतात आणि महिन्यांनी शिजवला तरी तो ताज्यासारखा लागतो. हळूहळू गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पदार्थाच्या पेशी फोडतात. झटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. याच निरीक्षणावर पुढे गोठवलेल्या अन्नाचा धंदा उभा राहिला. घरात याचा अर्थ एवढाच की उसळ मोठ्या डब्यात ठासून भरू नये. पिशवीत पातळ, चपटी पसरावी. लवकर गोठते, लवकर सुटते आणि वह्यांसारखी उभी रचता येते. फ्रीजर उणे अठरा अंशांवर हवा. शिजलेलं अन्न ओट्यावर दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून निववावं आणि मगच गोठवावं. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात. म्हणून पिशवी रात्रभर ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावी.

बटाटा गोठवला की रवाळ होतो, त्याच्या वाट्याला जाऊ नये. नारळाच्या दुधाची आमटी फुटते. कोथिंबीर आणि वरची फोडणी त्या-त्या दिवशीच. पुरण मात्र इतकं छान टिकतं की होळीच्या आदल्या रात्रीची धावपळच संपते.

‘पण हे शिळंच ना?’ हा प्रश्न येणारच, बहुधा सासूबाईंकडून, कधी नवऱ्याकडून. नवरा विचारतो तेव्हा तो गंमतीचा असतो, कारण ताज्याचा आग्रह आणि ताजं करणारे हात क्वचितच एकाच माणसाचे असतात. शिळ्याचं आपल्याला खरंच वावडं आहे का? गुजराती घरांत श्रावणात रांधण छठला स्वयंपाक करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमला, चूल न पेटवता तेच थंड अन्न खातात. वर्षातून एक दिवस चुलीला विश्रांती देण्याइतका समंजसपणा परंपरेकडेही होता.

त्या विश्रांतीची गरज किती, ते सरकारी आकडेच सांगतात. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरच्या ज्या स्त्रिया घरातलं बिनपगारी काम करतात, त्यांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात जातो. असं काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी 88 मिनिटं. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही नऊ काढून घेतलेली!

इथे एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. मेल्युसिना फे पीर्स या बाईंनी 1869 मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये सहकारी घरकामाची संस्था काढली. कपडे धुणं, किराणा, स्वयंपाक, सगळं अनेक घरांच्या बायकांनी एकत्र करायचं आणि त्या कामाला मोल असायचं. दोन वर्षांत, 1871 मध्ये, संस्था बंद पडली. कारणं अनेक होती. त्यातलं एक ठळक कारण म्हणजे सभासद बायकांचे नवरे. आपल्या बायकोने दुसऱ्या पुरुषांच्या सोयीसाठी राबावं, हे काहींना रुचलं नाही. आपल्या सोयीसाठी ती राबत होतीच, त्याबद्दल तक्रार नव्हती.

मुंबईत मात्र नव्वद वर्षांनी गच्चीवरच्या सोबतीतून वेगळंच काही उभं राहिलं. 1959 च्या मार्चमध्ये गिरगावातल्या सात बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल उसने घेतलेले 80 रुपये. त्याचाच पुढे ‘लिज्जत’ झाला आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रत्येक रविवारच्या राजम्यातून उद्योग उभा राहावा असं कोणी म्हणत नाही. पण काम मोजलं आणि वाटून घेतलं की त्याचं काय होऊ शकतं, ते दिसलं.

अडचणी आहेतच. एकीच्या हाताला मीठ जास्त, दुसरीकडे लसूण चालत नाही, तिसरीच्या फ्रीजरमध्ये कोळंबीशेजारी पुरण ठेवायला सासरचे राजी नाहीत. आणि एक प्रश्न उघडपणे कोणी विचारत नाही: दुसऱ्या घरातल्या हातचं शिजलेलं आपण महिनाभर खाणार का? समतानंद अनंत हरी गद्रे यांना गेल्या शतकात जातिभेद मोडण्यासाठी झुणका-भाकरीच्या सहभोजनांकरता झटावं लागलं, ते याच देशात. सहभोजनाचं निदान एका दुपारपुरतं असतं. इथे तर शेजारणीच्या हातची आमटी महिनाभर आपल्या घरात मुक्काम करते.

शिवाय जागा. अडीचशे लिटरच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या वाट्याला येतो तो एक छोटा कप्पा, त्यात आधीच बर्फाचे ट्रे आणि कधीचं तरी आइस्क्रीम. चार पदार्थांच्या चार-चार पिशव्या बसवायच्या तर आधी ते आइस्क्रीम संपवावं लागेल. हे काम करायला घरातलं कोणीही नाही म्हणणार नाही.

राहिली भांडी. दुपारी दोनला ओट्यावर पाच पातेली, दोन कुकर, वाटणाने माखलेला मिक्सर आणि परातीत वितळलेलं बर्फाचं पाणी. नेमके तेव्हाच पिशव्या न्यायला गाड्या घेऊन नवरे येतात. त्यांना दोनला नव्हे, सकाळी नऊलाच बोलवावं, आणि पहिल्याच रविवारी कांदे त्यांच्यासमोर ठेवावेत.