विश्लेषण : सांधेरोपणात जास्त प्रतिजैविके म्हणजे जास्त सुरक्षितता?

गुडघा किंवा खुबा बदलताना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविक दिले जाते. एकाऐवजी दोन औषधे दिली, ती आणखी काही दिवस सुरू ठेवली, तर धोका कमी होतो का?

प्रतिजैविक आधीच का?

कृत्रिम सांध्याला रक्तपुरवठा नसतो. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकससारखे जंतू त्यावर पोहोचले, की चिकट थर तयार करून त्याआड दडतात. मग औषधांचा प्रभाव पडत नाही आणि अनेकदा बसवलेला सांधाच काढावा लागतो. म्हणून चिरा देताना औषध ऊतींमध्ये पोहोचलेले असावे लागते.

पहिली पसंती कोणती?

सेफाझोलिन हे जुने, स्वस्त इंजेक्शन. प्रौढांना साधारण २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा अधिक असल्यास ३ ग्रॅम. ते चिऱ्यापूर्वीच्या ६० मिनिटांत द्यायचे. शस्त्रक्रिया चार तासांहून अधिक लांबल्यास दुसरी मात्रा दिली जाते.

दुसरे औषध जोडले तर?

काही स्टॅफिलोकोकस जंतू सेफाझोलिनला दाद देत नाहीत. त्यांच्यावर व्हॅन्कोमायसिन चालते. मग दोन्ही का देऊ नयेत? ऑस्ट्रेलियात चार हजारांहून अधिक रुग्णांवर याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही औषधे घेतलेल्यांत जखमेचा संसर्ग ४.५ टक्के, तर फक्त सेफाझोलिन घेतलेल्यांत ३.५ टक्के आढळला. म्हणजे फायदा दिसला नाही. गुडघ्याच्या रुग्णांत तर हे प्रमाण ५.७ विरुद्ध ३.७ टक्के होते. मात्र, अंगावर प्रतिरोधक जंतू असल्याचे आधीच माहीत असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते. त्यांच्यासाठी व्हॅन्कोमायसिनचा विचार आजही होतो.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर?

अशी नोंद असलेल्या बहुतेकांना तपासणीत खरी ॲलर्जी आढळत नाही. शिवाय सेफाझोलिनच्या रेणूची रचना पेनिसिलिनपेक्षा बरीच वेगळी असल्याने ते बहुतेकांना चालते. लहानपणी अंगावर पुरळ आले होते, एवढ्या कारणावरून ते टाळले जाते, तेव्हा रुग्ण उत्तम औषधाला मुकतो. पूर्वी गंभीर प्रतिक्रिया आली असेल, तर निर्णय तज्ज्ञांचाच.

किती दिवस?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये, तर अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने २०१७ मध्ये सांगितले, की केवळ प्रतिबंधासाठी शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविक लांबवू नये. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी टाके निघेपर्यंत गोळ्या सुरू राहतात. त्यातून जुलाब, पुरळ असे त्रास होतात. प्रतिरोधक जंतूही वाढतात आणि पुढे खरा संसर्ग झाला, तर हाताशी औषधे कमी उरतात.

रुग्णाने काय विचारावे?

कोणते प्रतिजैविक, चिऱ्याच्या किती आधी आणि कधी बंद होणार, हे तीन प्रश्न. ॲलर्जी सांगताना नेमके काय झाले होते, तेही सांगावे. सुरू असलेले औषध मात्र डॉक्टरांना न विचारता थांबवू नये.