कोलकात्याच्या पाणथळीचे ऋण

शहरांच्या विकास आराखड्यांत हल्ली ‘निसर्गाधारित नियोजन’ हा शब्द मोठ्या हौसेने लिहिला जातो. त्यापाठोपाठ येतात ती सुशोभित तळी, कारंजी आणि त्यांच्या निविदा. मला या विषयाचा खरा धडा कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळ प्रदेशात दिसतो.

शहराचा उतार पूर्वेकडे असल्याने सांडपाणी कालव्यांतून तिकडे वाहते आणि ‘भेरी’ नावाच्या उथळ मत्स्यतळ्यांत घेतले जाते. तेथे काही दिवस उन्हात स्थिरावले की सूक्ष्म जीव व शेवाळ मैल्याचे विघटन करतात, त्यावर मासे पोसतात आणि निवळलेले पाणी पुढे भातशेतीला मिळते. काठाने जलपर्णी मुद्दाम राखली जाते, कारण तिच्यामुळे लाटांनी बांध ढासळत नाहीत. (हीच वनस्पती उपसण्यासाठी इतर शहरे यंत्रे विकत घेतात!) कोणते पाणी किती आणि केव्हा घ्यावे, हे ज्ञान मच्छीमारांचे. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने १९८०च्या दशकात त्याचे मोल जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या भूमीला संरक्षण दिले, २००२ मध्ये ‘रामसर’ दर्जा मिळाला, २००६ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला.

तरीही भराव पडतच राहिले. मनाई आहे, पण मोबदला नाही, हे त्याचे मूळ कारण असे माझे मत आहे. तळे म्हणून जमिनीची किंमत माशांपुरती. भूखंड म्हणून तीच कित्येक पटींनी अधिक. सांडपाणी शुद्ध करण्याची जी सेवा शहराला मिळते, तिची मच्छीमाराला दमडीही मिळत नाही. उलट कालवे व तळी गाळाने भरतात, त्याचा भुर्दंड त्यालाच.

कारखान्यांतील जड धातू निस्तरणे मात्र तळ्यांच्या आवाक्यातले नाही; ते उगमापाशीच अडवावे लागतील. घरगुती सांडपाण्याचा हिशेब तुलनेने सोपा आहे. तेवढेच पाणी यंत्राने शुद्ध करण्यास जो खर्च आला असता, त्याचा एक अंश दरवर्षी भेरींसाठी राखून ठेवावा. पालिकेच्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र शीर्षक असावे आणि पहिला निधी गाळ उपसण्यासाठी, मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत खर्च व्हावा.