मांडव्याचा रस्ता आणि नवखा सायकलस्वार

अलिबाग : सायकल नुकतीच हाती घेतलेल्या मुंबईकराला समुद्रापलीकडचा रायगडचा किनारा खुणावतो. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही. मात्र भाऊचा धक्का ते मांडवा या रो-रो बोटीतून सायकल नेता येते. परंतु मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या याच बोटीतून मोटारीही मांडव्याला उतरतात. तेथून अलिबागपर्यंतचा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता दोघांनाही एकत्रच वापरावा लागतो. शनिवार-रविवारी तर शहरातील वर्दळच समुद्र ओलांडून येते.

त्यामुळे पहिला सराव घराजवळच्या शांत रस्त्यावर, सकाळी लवकर झालेला बरा. तोल न जाता मागे वळून पाहणे आणि एका हाताने वळण्याची खूण करणे जमल्याखेरीज हमरस्त्यावर येऊ नये. नवखा सायकलस्वार भीतीपोटी रस्त्याची कड धरतो. पण खडी आणि खड्डे तेथेच असतात, उभ्या मोटारीचे दारही तेथेच अचानक उघडते. अशा मोटारींपासून मीटरभर अंतर राखून सरळ रेषेत जाणे अधिक सुरक्षित. एसटीच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये. हेल्मेटसक्तीचा कायदा सायकलीला लागू नाही, तरी ते घालावेच. मागे लाल दिवाही हवा.

ही झाली व्यक्तीची दक्षता. मोटारी उतरविण्यासाठी मांडव्याला खास जेटी उभारण्यात आली. त्याच जेटीवर उतरणाऱ्या सायकलस्वारासाठी रस्त्याची कड सपाट व मोकळी ठेवणे, हे प्रशासनाचे काम आहे.