काळजीवाहकांची जबाबदारी शासनाचीही

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी काळजीवाहक मिळवणे ही केवळ पालकांची विवंचना नसून शासनाचेही कर्तव्य आहे, आणि २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राने ते कृतीने मान्य केले पाहिजे, अशी या दैनिकाची भूमिका आहे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे विकसनशील मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरील नियंत्रण बिघडण्याची अवस्था, असलेल्या अनेक मुलांना गिळण्यास त्रास होतो. अशा मुलाला आडवे ठेवून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसांचा संसर्ग उद्भवू शकतो. ओळखीतून आलेल्या, मायाळू पण अप्रशिक्षित मदतनिसाच्या हातून हा धोका संभवत असल्याने बहुधा आईच नोकरी सोडते आणि उपचारांचा खर्च वाढत असतानाच घराचे उत्पन्न घटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. हा भत्ता काळजीवाहकाचे वेतन भागवण्याइतका असावा, आणि प्रत्येक जिल्ह्यात प्रशिक्षित व पोलीस पडताळणी झालेल्या काळजीवाहकांची नोंदवही ठेवून त्यांना किमान वेतनाची व रजेची हमी शासनाने द्यावी. अन्यथा कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहील.